साप्ताहिकांतील संकीर्ण

संस्कृत सुभाषितांचे जे संग्रह आपल्याकडे छापून निघाले आहेत, त्यांपैकीं निर्णयसागर छापखान्याचें ‘सुभाषितरत्नभांडागार’ पुष्कळांच्या हाताखालून गेलें असेल. त्यांत देवतांना नमन आहे, राजनीति आहे, नवरस आहेत, अन्योक्ति आहेत. आणि यांपैकीं कोठेंच न बसणाऱ्या श्लोकांकरितां ‘संकीर्ण’ नांवाचें एक प्रकरण आहे. विद्यार्थी त्या प्रकरणाकडे उरल्यासुरल्याची पेटी म्हणून पाहतात. परंतु माणसाचें आयुष्य कांहीं प्रकरणवार येत नाहीं. सकाळीं घरांत बारसें असतें, दुपारीं परगांवाहून कोणाच्या मृत्यूची वार्ता येते, आणि सायंकाळीं पश्चिमेस ढग दिसले कीं दोन्ही गोष्टी मागें पडून सर्वांचें लक्ष पावसाकडे लागतें. म्हणून जें लिखाण आयुष्याच्या जवळ राहूं इच्छितें त्याला थोडें संकीर्ण व्हावेंच लागतें. इंग्रजी अमदानींतील मराठी साप्ताहिकें हें अशा लिखाणाचें उत्तम उदाहरण होय, व त्यांविषयीं चार शब्द लिहावे असें पुष्कळ दिवस मनांत होतें.

आमचें घराणें भिगवणच्या परिसरांतील एका खेड्याचें कुलकर्णी. १९५० च्या कायद्यानें कुलकर्णी वतनें गेलीं; वाडा राहिला, आणि वाड्याच्या माडीवर एक सागवानी पेटी राहिली. पणजोबांनीं १८९० च्या सुमारास साप्ताहिकें घेण्यास आरंभ केला व आजोबांनीं तो परिपाठ पुढें चालविला. पेटींतील पुष्कळ कागद वाळवीनें खाल्ले. तरी सुटे ‘केसरी’ आणि दोऱ्यानें घरींच शिवलेले ‘करमणूक’चे अंक बऱ्याच संख्येनें शिल्लक राहिले. शाळेंतून निवृत्त झाल्यावर दोन हिवाळे मीं त्यांच्या वाचनांत घालविले. कागद इतका ठिसूळ झाला आहे कीं पान उलटतांना खालीं तबक धरावें लागे.

आमच्यासारख्या आडगांवीं पुण्याचें पत्र त्या काळीं वेळेवर पोचत असे, याचें श्रेय आगगाडीस दिलें पाहिजे. १८५८ च्या अखेरीस पुण्याहून निघालेला लोहमार्ग भिगवणजवळच्या डिकसळपर्यंत आला आणि १८६० त तो सोलापुरास जाऊन भिडला. पुढें १९८० त उजनीचें धरण पुरें झालें, भीमेचें पाणी फुगून मैलोगणती पसरलें, आणि काठचीं शेतें, देवळें व कित्येक गांवें त्याखालीं गेलीं. आज त्या पाण्यावर थंडींत रोहित पक्षी उतरतात व ते पाहण्यास दूरदूरचे लोक भिगवणास येतात. पण मी सांगतों त्या काळीं भिगवणचें आकर्षण वेगळें होतें. पुण्यांत मंगळवारीं छापलेला ‘केसरी’ टपालाच्या पिशवींतून सुमारें शंभर किलोमीटरांचा प्रवास करून येथें उतरे, आणि तेथून एका माणसाच्या हातीं आमच्या खेड्यांत येई. त्या माणसाविषयीं पुढें लिहावयाचें आहे.

साप्ताहिकाची ही परंपरा मराठींत केव्हां सुरू झाली हें थोडक्यांत सांगतों. बाळशास्त्री जांभेकरांनीं ६ जानेवारी १८३२ रोजीं मुंबईंत ‘दर्पण’ काढलें. तें आरंभीं पंधरा दिवसांनीं निघे. त्याच वर्षीं तें साप्ताहिक झालें. एका स्तंभांत इंग्रजी व शेजारच्या स्तंभांत मराठी अशी त्याची रचना होती. वर्गणीदार तीनशेंच्या आसपास होते. १८४० त तें बंद पडलें. पुढच्याच वर्षीं भाऊ महाजनांचें ‘प्रभाकर’ निघालें. पुण्याचें ‘ज्ञानप्रकाश’ १८४९ त साप्ताहिक म्हणून जन्मास आलें, १९०४ त दैनिक झालें, आणि शंभरीच्या पलीकडे जाऊन १९५१ च्या आरंभीं मिटलें. ‘केसरी’चा पहिला अंक ४ जानेवारी १८८१ चा, मंगळवारचा. चिपळूणकर, टिळक व आगरकर प्रभृति मंडळींनीं तो काढला आणि पहिलें संपादकत्व आगरकरांकडे आलें. रात्रीं रस्त्यावर दिवे लागलेले असल्यानें व पोलिसांची गस्त फिरत असल्यानें जो उपयोग होतो, तोच वर्तमानपत्राच्या लेखणीनें व्हावा, असा आपला हेतु या मंडळींनीं प्रारंभींच सांगितला होता. दिव्याची ही उपमा चांगली आहे. कारण रस्त्यावरचा दिवा पालखीवर जसा पडतो तसा गटारावरहि पडतो.

आतां अंक उघडूं. कोणताहि घेतला तरी ठेवण साधारण सारखीच असे. प्रथम अग्रलेख, त्यांत सरकारचें एखादें बिल, कायदेकौन्सिलांतील वाद, किंवा शहरांतील कांहीं प्रकरण. त्यानंतर ‘स्फुट सूचना’, म्हणजे संपादकाचीं आटोपशीर मतें. मग परदेशची वार्ता. सुवेझचा कालवा १८६९ त खुला झाला आणि १८७० त समुद्राखालून आलेली विलायतेची तार मुंबईस पोचली. त्यापूर्वीं विलायतची बातमी बहुधा बोट बंदरास लागेल तेव्हां मिळे. त्यानंतर ती दोनचार दिवसांत मिळूं लागली. रशिया-जपान युद्धाच्या वेळचे (१९०४-०५) आमच्या पेटींतील अंक इतके हाताळलेले आहेत कीं घड्यांवरून ते फाटून गेले आहेत. तारांच्या खालीं गांवोगांवचीं पत्रें, सभांचे वृत्तांत, नव्या पुस्तकांची पोंच व अभिप्राय, क्वचित् एखादी कविता. शेवटीं धान्याचे भाव, पाऊसपाणी, कोर्टाच्या नोटिसा आणि जाहिराती. जाहिरातींत चष्मे, घड्याळें, पंचांगें, पोथ्या, केसांचीं तेलें, आणि जामनगरच्या आतंकनिग्रह गोळ्या यांची गर्दी असे. वेदान्ताच्या ग्रंथाशेजारीं हिंवतापाचें औषध उभें आहे, याचें त्या काळच्या वाचकास कांहींच वाटत नसे. घरांत तरी पोथी आणि काढा एकाच फडताळांत असत.

हे सर्व प्रकार एकाच पत्रांत येत, याचें कारण एक तर जागेची व पैशाची टंचाई. स्त्रियांचें निराळें, शेतकऱ्याचें निराळें, व्यापाऱ्याचें निराळें असें पत्र घेण्याची ऐपत सामान्य घराला नव्हती. परंतु या टंचाईंतून एक मोठा लाभ झाला. ज्याला ज्याची गरज वाटत नव्हती, तें त्याच्या कानांवर आपोआप पडलें. पणजोबांना सरकारी ठराव हवा असे, पणजीला पावसाची व माहेरच्या बाजूची वार्ता हवी असे, मुलांना लढाई हवी असे. वाचन मात्र एकच, मोठ्यानें, ओटीवर, दिवेलागणीनंतर. लढाईसाठीं बसलेल्या मुलांनीं ज्वारीचे भाव ऐकले आणि भावांसाठीं बसलेल्या मोठ्यांनीं जपानचें आरमार ऐकलें.

असें निरनिराळें ऐकल्यानें काय साधतें तें आमच्याच भागांतील एका गोष्टीवरून दाखवितों. १८३५ त गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनीं जमीन मोजणीची व साऱ्याच्या आकारणीची नवी पद्धति प्रथम इंदापूर तालुक्यांत लागू केली. ती बरी चालली म्हणून पुढें इलाख्यांत सर्वत्र गेली. तीस वर्षांची मुदत संपल्यावर फेरआकारणी झाली आणि सारा वाढला. त्याच सुमारास एक दूरची घटना घडली होती. अमेरिकेंतील यादवीमुळें तेथील कापूस विलायतेस जाईना, म्हणून आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला व सावकार मोकळ्या हातानें कर्ज देऊं लागले. १८६५ त ती यादवी मिटली. भाव कोसळले, कर्जें मात्र उभीं राहिलीं. वाढलेला सारा आणि आटलेला पैसा यांच्या कात्रींत शेतकरी सांपडला. आणि १२ मे १८७५ रोजीं, हल्लीं बारामती तालुक्यांत असलेल्या सुपें गांवीं, लोकांनीं सावकारांच्या घरांवर व खतांवर हल्ला केला. येथून ते दंगे पुणें व नगर जिल्ह्यांत पसरले; चौकशीस कमिशन बसलें, आणि १८७९ त दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या कर्जासंबंधीं स्वतंत्र कायदा झाला. आतां पाहा. अमेरिकेंतील तह ही तारेची बातमी. सारावाढ हा सरकारी ठराव. कापसाचा भाव ही शेवटच्या पानावरची ओळ. आणि सुप्याचा दंगा ही गांवोगांवच्या पत्रांतील हकीकत. चारी गोष्टी चार रकान्यांत. ज्यानें एकच रकाना वाचला त्याला दंगा म्हणजे गुंडगिरी वाटली असेल; ज्यानें चारी वाचले त्याला त्यांतला कार्यकारणभाव दिसण्याचा संभव होता.

भावांच्या रकान्याची थट्टा करूं नये असें मला आमच्या अंकांनींच शिकविलें. पणजोबांनीं त्या रकान्याशेजारच्या कोऱ्या जागेंत मोडींत आपल्या बाजाराचे भाव टिपून ठेविले आहेत. छापलेला भाव पुण्याचा, लिहिलेला आपला. १८९६ सालच्या अखेरीस पाऊस गेला, दुष्काळ पडला, आणि टिपणें दाट होत गेलीं. त्या दुष्काळांत ‘केसरी’नें एक महत्त्वाचें काम केलें. सरकारनें स्वतःच केलेल्या दुष्काळाच्या नियमांत रयतेला काय हक्क आहेत, पीक किती बुडालें म्हणजे सारा तहकूब व्हावा, हें मराठींत उकलून सांगितलें. सार्वजनिक सभेनेंहि गांवोगांव माणसें पाठवून तेंच केलें, आणि १८९७ त सरकारनें त्या सभेशीं असलेला पत्रव्यवहार तोडला. आमच्या पेटींतील त्या दिवसांच्या एका अंकावर, जाहिरातींच्या पानाच्या कडेनें, गांवच्या वतीनें तहकुबीसाठीं करावयाच्या अर्जाचा मसुदा मोडींत लिहिलेला आहे. पणजोबा सरकारचा सारा वसूल करणारे वतनदार. त्यांनीं असा अर्ज लिहिणें म्हणजे आपल्याच अन्नावर पाणी सोडण्याची तयारी करणें होतें. घरांत त्यांच्या धैर्याची म्हणून कोणतीहि गोष्ट सांगितली जात नसे. ती मला त्या कडेवरच्या ओळींतून प्रथम कळली.

कोपऱ्यांत बसविलेल्या मजकुरानें अग्रलेखावर मात केल्याचीं उदाहरणेंहि इतिहासांत आहेत. ‘प्रभाकर’ पत्रांत १८४८ पासून ‘लोकहितवादी’ या नांवानें जीं पत्रें येऊं लागलीं तीं गोपाळ हरि देशमुखांचीं. तीं शंभरावर भरलीं व ‘शतपत्रें’ म्हणून मराठी गद्यांत अजरामर झालीं. त्या सालचे ‘प्रभाकर’चे अग्रलेख आज कोण वाचतो? १८९७ सालचें उदाहरण तर सर्वांना ठाऊक आहे. टिळकांवर त्या वर्षीं राजद्रोहाचा खटला झाला तो १५ जूनच्या अंकावरून. आणि त्यांतहि मुख्य रोख होता शिवराज्याभिषेकोत्सवाच्या सभेच्या वृत्तांतावर आणि एका टोपणनांवाच्या कवितेवर. कविता व सभावृत्त हे अंकांतले सोज्ज्वळ कोपरे. त्याबद्दल अठरा महिन्यांची सक्तमजुरीची शिक्षा झाली.

या संशयी दृष्टीचा एक अनपेक्षित फायदा मात्र आपल्याला मिळाला आहे. देशी पत्रांत काय लिहून येतें तें कळावें म्हणून मुंबई सरकार दर आठवड्यास त्यांतील मजकुराचा इंग्रजी सारांश तयार करवीत असे. ज्या पत्रांच्या प्रती आज नष्ट झाल्या आहेत त्यांचा आशय पुष्कळदा या सरकारी अहवालांतूनच हातीं लागतो. ज्यांनीं ठेवावयाचीं त्यांनीं टाकलीं, आणि ज्यांना तीं नकोशीं होतीं त्यांनीं जपलीं.

आतां ‘करमणूक’कडे वळतों, कारण आमच्या घराचा इतिहास त्याच्याशीं जडलेला आहे. हरि नारायण आपटे यांनीं हें साप्ताहिक १८९० त काढलें व १९१७ पर्यंत चालविलें. त्यांत कादंबरी क्रमशः येई, लहान गोष्टी येत, थोरांचीं चरित्रें, शास्त्रीय माहिती, कविता, चुटके असा सर्व प्रकार असे. त्यापूर्वीं दोन वर्षें आगरकरांचें ‘सुधारक’ निघालें होतें व बालविवाह, केशवपन इत्यादि रूढींवर तें उघड प्रहार करीत होतें. ‘सुधारक’ आमच्या घरीं येत नसे. तें घेण्यास वडील माणसांची संमति नव्हती. ‘करमणूक’ला मात्र कोणी हरकत घेतली नाहीं. गोष्टींचें पत्र, त्याला काय हरकत घ्यावयाची! आणि त्याच्याच पहिल्या वर्षांत ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही यमूची कहाणी सुरू झाली.

पणजोबांची धाकटी बहीण, जिला घरांत सगळे आत्या म्हणत, ती वयाच्या चवदाव्या वर्षीं विधवा होऊन माहेरीं आली होती. रूढीप्रमाणें तिचें केशवपन व्हावयाचें होतें आणि भटजींकडून त्याची आठवण केली जात होती. हें मला आजीनें सांगितलें, व आजीला स्वतः आत्यांनीं. आठवड्यामागून आठवडे यमूची गोष्ट ओटीवर वाचली जाई आणि माजघराच्या दाराआड बायका ती ऐकत. यमूवर वैधव्य आलें. नंतर बळजबरीनें तिचे केस उतरविल्याचा भाग आला. त्या रात्रीं आत्यांची आई दाराआडून उठून गेली ती जेवावयास आली नाहीं. दुसऱ्या दिवशीं तिनें मुलास तो भाग पुन्हां वाचावयास सांगितला, ऐकून घेतला, आणि आपण जिवंत असेपर्यंत आपल्या घरीं न्हावी येणार नाहीं एवढेंच ती बोलली. तिला अक्षर ओळखतां येत नव्हतें. गांवच्या भटजींनीं पुढें दोन वर्षें आमच्या घरचें श्राद्धपक्ष चालविलें नाहीं. दुसऱ्या गांवाहून ब्राह्मण आणावा लागे. पण आत्यांचे केस राहिले. पुढें त्या त्याच शिवलेल्या अंकांवरून वाचावयास शिकल्या, आणि सून म्हणून घरांत आलेल्या माझ्या आजीला त्यांनींच शिकविलें. आजी मला लहानपणीं मुळाक्षरें घोकावयास लावी तेव्हां तिचा उच्चार आत्यांचा होता असें घरचे म्हणत.

अग्रलेख वाचून त्या बाईचें मन वळलें नसतें, कारण अग्रलेख पुरुषांसाठीं असतो अशी तिची समजूत होती. गोळ्यांच्या जाहिरातीच्या, चुटक्यांच्या व थोरांच्या चरित्रांच्या सोबतीनें आलेली गोष्ट मात्र तिच्यापर्यंत पोचली. तत्त्वाला प्रवेश नसतो तेथें कथेला असतो, हें आपल्या पुराणिकांना पूर्वींपासून माहीत होतें. साप्ताहिकवाल्यांनीं तें नव्यानें ओळखलें.

येथवर मीं गौरवाचें लिहिलें. परंतु पेटींतलें सर्व वाचून झाल्यावर मनाला एक गोष्ट बोचूं लागली, ती लिहिल्यावांचून हा लेख अपुरा राहील. भिगवणच्या टपालांतून आमचें पत्र आणणारा माणूस गांवचा तराळ होता. वतनी कामांत कुलकर्ण्याचें दप्तर वाहणें होतेंच. त्यांतच हेंहि काम येई. तो पत्र पायरीवर ठेवी व दूर होई. आजी सांगे कीं वाचन संपेपर्यंत तो अंगणांतल्या लिंबाखालीं बसून ऐकत राही, आणि पावसाची वार्ता आली कीं ती पुन्हां वाचा म्हणे. पाऊण शतक ज्या घराण्यानें आमच्या घरीं जगाची बातमी आणून पोचविली, त्यांच्याविषयीं त्या बातम्यांत काय होतें हें मीं मुद्दाम शोधलें. दुष्काळी कामावरील माणसांच्या आंकड्यांत ते होते, खानेसुमारींत होते, कोर्टाच्या नोटिशींत होते. लिहिणारे म्हणून ते आमच्या पेटींत कोठेंच नव्हते.

असें लिहिणारे त्या काळीं नव्हतेच असें मात्र कोणी समजूं नये. कृष्णराव भालेकरांनीं १ जानेवारी १८७७ रोजीं पुण्यांत ‘दीनबंधु’ सुरू केलें. पुढें नारायण मेघाजी लोखंडे यांनीं तें मुंबईंत चालवून गिरणी-कामगारांचीं गाऱ्हाणीं त्यांत मांडलीं. जोतीराव फुले त्यांत लिहीत, गोपाळबाबा वलंगकर लिहीत. तें साप्ताहिकच होतें व संकीर्णहि होतें. पण तें आमच्या पेटींत नाहीं. ३१ जानेवारी १९२० रोजीं डॉ. आंबेडकरांनीं ‘मूकनायक’ हें पाक्षिक काढलें, तेव्हां त्याची जाहिरात पैसे देऊं केले असतांहि ‘केसरी’नें घेतली नाहीं, ही हकीकत मराठी वृत्तपत्रांच्या इतिहासांत नमूद आहे. ज्या पानांवर तेलांना व गोळ्यांना जागा होती, तेथें एका नव्या पत्राच्या नांवाला जागा झाली नाहीं. साप्ताहिकाचें पान सर्वसंग्राहक दिसतें खरें. पण त्याच्या संग्राहकपणालाहि एक उंबरठा होता, आणि तो आमच्याच घराच्या उंबरठ्याइतका उंच होता.

गेल्या वर्षीं वाड्याची वाटणी झाली. भांडीं, कपाटें, झोपाळा यांना धनी मिळाले. पेटी कोणासच नको होती. एका पुतण्यानें रद्दीचा भाव काढला. त्याचें फार चुकलें असें म्हणतां येत नाहीं. पूर्वीं आपल्याच जिल्ह्यांत जुन्नरास चिंध्यांचा व तागाचा कागद हातानें करीत. त्यावरचीं पेशवाईंतील पत्रें अद्याप टिकून आहेत. पुढें लांकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आला. तो स्वस्त होता म्हणून साप्ताहिक गरिबाला परवडलें, आणि तो स्वस्त होता म्हणूनच तें पिवळें पडून मोडतें. आज भिगवणजवळ कागदाचा मोठा कारखाना उभा आहे व गुळगुळीत छपाईचा कागद तेथून बाहेर जातो. पण आमच्या पेटींतल्या कागदाला पुन्हां बळ देण्याची युक्ति गांवांत कोणाजवळ नाहीं. शेवटीं पेटी पुण्याच्या एका ग्रंथालयाला द्यावी असें ठरलें. तेथें जुन्या अंकांचीं छायाचित्रें काढून ठेवतात.

ग्रंथालयानें आधीं यादी मागितली. ती आमच्या घरच्या एका नातीनें आणि त्या तराळाच्या घराण्यांतील एका मुलीनें मिळून केली. ही मुलगी पुण्यास इतिहासाचा अभ्यास करते. आमची नात अग्रलेखांचे मथळे उतरून घेई; ती मुलगी मात्र आम्ही कोणीं कधीं न वाचलेल्या कोर्टाच्या नोटिसा एकेक करून उतरी. कोणत्या गांवची जमीन, किती कर्जासाठीं, केव्हां लिलावास निघाली, हें त्यांत तारीखवार आहे. आपल्या अभ्यासाला याच्याइतकें उपयोगी दुसरें कांहीं सांपडलें नाहीं असें ती म्हणाली. सव्वाशें वर्षें जो रकाना आमच्या घरानें ओलांडून पुढें नेला, तो वाचणारें माणूस अखेर त्याला भेटलें. ती ओटीवर बसून लिहीत होती, आणि चहा माजघरांतून सर्वांना एकाच तबकांतून आला, हेंहि येथें नमूद करून ठेवितों.

हल्लीं घरांतल्या प्रत्येकाच्या हातांत स्वतःचें यंत्र आहे. त्यांत प्रत्येकास हवें तें, हवें तेव्हां मिळतें. क्रिकेट आवडणाऱ्यास क्रिकेट, देवधर्म आवडणाऱ्यास देवधर्म. माहितीची अशी सुबत्ता पूर्वीं राजाच्या घरींहि नव्हती, आणि तिला नांवें ठेवण्याचें मला कारण नाहीं. माझेंहि पुष्कळ वाचन आतां त्यावरच होतें. उणीव एवढीच वाटते कीं, आपण मागितलेलें नाहीं असें त्यांतून फारसें येत नाहीं. आत्यांच्या आईनें यमूची गोष्ट मागितली नव्हती. म्हणून एकत्र राहणाऱ्या कुटुंबांना माझी एक सूचना आहे. आठवड्यांतून एक रात्र, जेवणें झाल्यावर, घरांतील एकानें कांहीं तरी मोठ्यानें वाचावें व इतरांनीं ऐकावें. आणि काय वाचावयाचें तें पाळीपाळीनें प्रत्येकानें, लहान मुलांनीं व सुनांनींहि, ठरवावें. त्यांत बाजारभाव आले तरी ते गाळूं नयेत. आणि वाचून झाल्यावर एक प्रश्न अवश्य विचारावा: आजच्या या वाचनांत, आपल्या घरीं रोज येणारें कोणतें माणूस कोठेंच आलें नाहीं?